रेशनच्या साखरेचे दागिने

माझ्या कादंबरीतली सासू सध्या हलवा करायला बसली आहे आणि तिचा हलवा काही केल्या होत नाही. साल 1944, गिरगावातली चाळ, सुनेची पहिली संक्रांत. सुनेला काळी चंद्रकळा नेसवायची, हलव्याचे दागिने घालायचे, चाळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. चार ओळींत आटोपणारा प्रसंग. पण मुंबईत 1943 साली रेशनिंग सुरू झालं आणि साखर कार्डावर मोजून मिळायला लागली. बिंदी, तन्मणी, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा, वर मुलासाठी हार आणि नारळ, एवढा ऐवज साखरेचा घडवायचा तर या बाईनं ती आणायची कुठून?

खाण्यापिण्याचे प्रसंग मी होता होईतो त्या त्या दिवसांतच लिहिते. मे महिन्यात पंख्याखाली बसून हुरड्यावर लिहिलं, की तो पुस्तकात वाचलेला हुरडा होतो. म्हणून हे प्रकरण पौषापर्यंत राखून ठेवलं होतं. भोगीच्या आधी दोन दिवस आमच्या पेठेतल्या एका काकूंकडे जाऊन बसले. त्या अजून घरी हलवा करतात.

पितळी परात, खाली अगदी मंद आच, परातीत मूठभर खसखस. शेजारी पातेल्यात साखरेचा पाक, दूध घालून मळी काढलेला. काकू चमच्याचं टोक पाकात बुडवतात, थेंबभर पाक परातीत सोडतात आणि बोटांच्या पेरांनी दाणे गोल गोल फिरवत राहतात. पाक सुकतो, दाण्यावर पांढरी साय धरल्यासारखं होतं. मग पुन्हा थेंब. पहिल्या दिवशी तासन्‌तास बसूनही दाणे नुसते फुगीर आणि गुळगुळीत दिसत होते. दुसऱ्या दिवशी अंगावर बारीक पुरळ उठावं तसं काहीतरी दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी काटा आला, टोकदार, बोटाला टोचणारा.

मी मध्येच म्हटलं, "काकू, जरा जास्त पाक घातला तर लवकर नाही का होणार?"

"होईल की. लवकर होईल आणि भुगा होईल," त्या म्हणाल्या. "आणि अगं, थंडी कोरडी लागते याला. माझी बहीण मुंबईला दिली, तिचा हलवा दुपारपर्यंत चिकट व्हायचा. बिचारी पहाटे उठून करायची."

या एका वाक्यासाठी मी तीन दिवस बसले होते म्हणायला हरकत नाही. गिरगाव म्हणजे चौपाटीवरून खारं वारं येणारा भाग. माझी सासू आता पहाटे चार वाजता शेगडी पेटवते. चाळीतल्या भिंती पातळ. परातीतला खर्र खर्र आवाज शेजारच्या खोलीत जातो आणि रेशनची साखर या घरात कशी उरली, याची चर्चा नळावर सुरू होते. उरलीय ती चहातून. दिवाळीपासून या घरात चहात निम्मी साखर पडतेय आणि सासरेबुवांनी त्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. ते गृहस्थ आतापर्यंत माझ्या हाताला लागत नव्हते. फिक्का चहा बिनतक्रार पिताना दिसले आणि उभे राहिले.

कादंबरीत चवीचं वर्णन फार करू नये, असं माझं मत होत चाललं आहे. पुरणपोळी खुसखुशीत होती हे वाचून वाचकाला भूक लागेल फार तर. ती कुणी कुणाला वाढली, दुसरी घेताना कुणाकडे बघितलं, ती करण्यासाठी कशाला फाटा दिला, यात माणसं सापडतात. कृती तर मुळीच लिहू नये. त्यासाठी आपल्याकडे उत्तम पुस्तकं आहेत. मात्र तीही काळ बघून वापरावी लागतात. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 सालचं. त्यातली वाटी-चमच्याची मापं आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत, की 1944 सालच्या बाईच्या तोंडीही ती सहज येतात. ती बाई शेर, अधोली, पायलीत बोलणार. किलो-ग्रॅम 1958 पासूनचे. तिच्या फळीवर पाकशास्त्राचं पुस्तक असलंच, तर लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' असेल.

भोगीला लिहिणं झालं नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, हरभरा-घेवडा-वांगी-गाजराची लेकुरवाळी भाजी आणि मग झोप.

याच दिवसांत ओळखीपाळखीच्यांचे फोन येतात: वाणाला काय लुटायचं, पहिल्या संक्रांतीला भाचीला काय द्यायचं, तुम्ही खाण्यावर लिहिता तर सुचवा. मी सुचवते. प्लास्टिकच्या टोपल्या आणि चहाची गाळणी आता पुरे. कोल्हापुरी गुळाची छोटी ढेप द्या. घरचं मेतकूट द्या, बाटलीवर दळल्याची तारीख घालून. स्वयंपाकाची आवड असलेल्या माणसाला रद्दीवाल्याकडून जुनं पाककृतीचं पुस्तक शोधून द्या, शक्यतो समासात कुणीतरी "मीठ कमी" असं पेन्सिलीनं लिहिलेलं. लिहिणाऱ्याला जुनं पितळी मापटं द्या. टेबलावर पेनं ठेवायलाही चालतं. दिवाळीतला सुक्या मेव्याचा खोका मात्र देऊ नका. त्यावर लोक देणाऱ्याचं नाव लिहून ठेवतात ते आठवण म्हणून नव्हे, पुढे सरकवताना चुकून त्यालाच परत जाऊ नये म्हणून.

हलव्याचे दागिने आता पुठ्ठ्यावर चिकटवलेले, तयार मिळतात. जावयासाठी साखरेचा मोबाइलसुद्धा असतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. 1944 साली साखर मिळाली असती तर माझ्या सासूनं मुलासाठी रेडिओही केला असता. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट आणि बासरी तर हवीच. सण झाल्यावर हे सगळं खाऊन टाकायचं असतं, हे मात्र हल्ली पुष्कळ घरांत विसरतात. सेट कपाटावर जातो, मुंग्या लागल्या की खाली येतो. माझ्या चाळीत तशी चैन नाही. हळदीकुंकू उरकलं की त्याच रात्री सासू दोरे सोडवते आणि दागिने बरणीत भरते. दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीच्या सकाळी, कमरपट्टा चहात पडतो आणि सासरेबुवांना कित्येक दिवसांनी गोड चहा मिळतो.

एक गाठ अजून सुटायची आहे. शेजारीण भाजीचं पातेलं देऊन गेली आहे. भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर घालायची, ही रीत. नळावर साखरेची चर्चा हिनंच काढलेली. साखर घातली तर "बघा, आहे" म्हणेल, न घातली तर चाळभर बभ्रा. सुनेनं आपल्या बांगडीचे चार दाणे त्यात टाकावेत असं आज वाटतंय, पण मग सासूचं काय होईल ते दिसत नाही.

संपादकांना दर संक्रांतीला मी हलव्याची पुडी पाठवते. यंदा पुडीबरोबर प्रकरणही येईल असं कळवलं होतं. पुडी काल गेली.