चोरीचा अंक ओळखायचा कसा?

#धागा

जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची अमेरिकेतील किंमत होती १० सेंट. सुपरमॅन त्यातच प्रथम अवतरला. मुलांनी तो वाचला, दुमडला, फाडला आणि घरच्यांनी रद्दीत घातला; म्हणूनच उरलेल्या मोजक्या प्रतींना पुढे रत्नांचे मोल आले. मोल आले, तसे चोरही आले.

अभिनेता निकोलस केज याने १९९७ मध्ये या अंकाची एक उत्कृष्ट प्रत सुमारे दीड लाख डॉलरना विकत घेतली. जानेवारी २००० मध्ये ती त्याच्या लॉस एंजेलिसच्या घरातून चोरीस गेली आणि पुढची अकरा वर्षे तिचा मागमूस लागला नाही.

आता खरी अडचण पाहा. मंदिरातली मूर्ती एकमेव असते. तिचे छायाचित्र असले की ओळख पटते. छापील अंकाचे तसे नसते. एकाच यंत्रातून लाखो जुळी भावंडे बाहेर पडलेली असतात. ‘ही प्रत माझीच’ हे कशावरून ठरवायचे?

उत्तर दोषांत दडलेले असते. कण्यावरची घडी, गंजलेली पिन, झिजलेला कोपरा, कागदावरचा डाग. ज्या खुणांनी अंकाची किंमत उतरते, त्याच खुणांनी मालकी सिद्ध होते. जुन्या अंकांच्या व्यापारातली ही मोठी गंमत आहे, आणि चोराला नेमकी तीच नडते.

एप्रिल २०११ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील एका भाड्याच्या गोदामातल्या बेवारस सामानात एक प्रत सापडली. ती तपासायला गेली स्टीफन फिशलर या विक्रेत्याकडे. केजला ती प्रत मिळाली होती त्याच्याच मार्फत! त्याने ती ओळखली आणि पोलिसांना कळवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिलावात तिला २१ लाख ६० हजार डॉलर मिळाले.

सगळेच विक्रेते इतके नशीबवान नसतात. ह्यूस्टनमध्ये एका वकिलाने कंपनीचे लाखो डॉलर लांबवून दुर्मीळ अंक घेतले. ते पुरावा म्हणून जप्त झाले, आणि तपास करणाऱ्यांपैकीच एकाने त्यांतले काही अंक २०१२ मध्ये शिकागोच्या मेळाव्यात विक्रेत्यांना विकून टाकले. चोरावर मोर म्हणतात तो हाच.

अमेरिकेत २००० साली ‘सीजीसी’ ही संस्था उभी राहिली. ती अंक तपासते, दर्जा ठरवते आणि क्रमांक घालून प्लास्टिकच्या कवचात बंद करते. पण कवच फोडले की क्रमांक गेला. मागे उरतात त्या पुन्हा घड्या आणि डागच.

आपल्याकडे काय? टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स मुंबईतून मार्च १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये थांबली. फँटम आणि मँड्रेक तिने मराठीतही आणले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. हे अंकही रद्दीत गेले, आणि आज संग्राहक ते शोधत फिरतात. मात्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे कवच त्यांना नाही: तिथे वस्तूला साधारण शंभर वर्षांची अट आहे, हस्तलिखितांना पंच्याहत्तर. उरतो तो चोरीचा माल जाणूनबुजून घेण्याविषयीचा नेहमीचा गुन्हा; तो सिद्ध करायला आधी प्रत ओळखता आली पाहिजे.

आणि इथेच सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद आठवावे. गावात रेल्वे नाही, नांदुऱ्याला उतरावे लागते. अशा गावांत अंक एकाचा नसे, हातोहात फिरे. भाड्याने देणारा दुकानदार त्यावर शिक्का उठवी, मुले बॉलपेनने नाव घालत. आजचा संग्राहक तो शिक्का पाहून नाक मुरडतो आणि भाव पाडतो. पण उद्या ती प्रत मुंबईच्या पदपथावर सापडली, तर ती कुठून आली हे सांगणारा त्या जांभळ्या शिक्क्याखेरीज दुसरा साक्षीदार नसेल.