करवतीचें कुंपण

कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. शाळेंत तीस-बत्तीस वर्षें ती म्हण आम्हीं मुलांकडून वाक्यांत योजून घेतली. लांचखाऊ अंमलदाराचें किंवा अफरातफर करणाऱ्या खजिनदाराचें उदाहरण कोणी दिलें कीं आम्ही त्यास पूर्ण गुण देत असूं. परंतु ह्या म्हणीचें मर्म आम्हांस उमगलें तें गेल्या श्रावणांत, घराच्या मागल्या पडवींत, एका करवतीच्या यंत्रापाशीं. त्याची हकीकत वाचकांस सांगण्याचें योजिलें आहे. तींत सुतारकीचा भाग बराच आहे. पण शेवटीं आमचा एक कबुलीजबाबहि आहे, आणि खरें पाहतां त्यासाठींच लेखणी हातीं घेतली आहे.

आमचें घर कोंकणांत, रत्नागिरीच्या बाजूस. आम्ही तिघे बंधु, चूल एकच. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलें, त्यांत परसांतला जुना फणस उन्मळून पडला. त्याच्या फळ्या कापून आणून पडवींत रचून ठेविल्या होत्या. फणसाचें लाकूड पिवळेंधमक, कसदार. जाळावयास मन होईना. आम्ही सेवानिवृत्त झालेले, वय पासष्टीच्या पुढें, वेळ भरपूर. गणपतीसाठीं नवा चौरंग स्वहस्तें करावा असें मनांत आलें, आणि शिलकेंतून एक टेबलावरचें करवत-यंत्र विकत घेतलें.

वास्तविक करवतीशीं आमचा परिचय पुस्तकांतला. ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ ह्यापासून आला. ‘क्रकच’ हें तिचें दुसरें नांव. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या लीलावतींत ‘क्रकचव्यवहार’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यांतील एक उदाहरण आम्ही हौसेनें मुलांस घालीत असूं. ओंडक्याची जाडी बुंध्याशीं २० अंगुळें, शेंड्याशीं १६, लांबी १०० अंगुळें. त्यास चार काप दिले तर करवतीनें किती क्षेत्र कापलें? दोन्ही जाड्यांची सरासरी १८. तिला लांबीनें व कापांच्या संख्येनें गुणिलें कीं ७२००. २४ अंगुळांचा एक हात, म्हणून ५७६ नें भागिलें कीं साडेबारा चौरस हात. उत्तर आम्हांस झोपेंतहि सांगतां आलें असतें. मात्र उभ्या आयुष्यांत एक फळी सरळ कापली नव्हती!

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करणें अवश्य आहे. एक सपाट टेबल, त्याच्या मधोमध एक चीर, आणि त्या चिरेंतून थोडें वर डोकावणारें वाटोळें दातेरी पातें. हातकरवतीच्या कामांत लाकूड स्थिर व करवत चालती. येथें करवत जागच्या जागीं फिरते आणि लाकूड तिच्याकडे सरकवावयाचें. वाटोळ्या करवतीची कल्पना नवी नव्हे. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर ह्यानें १७७७ सालीं घेतलेल्या पेटंटांत तिचा उल्लेख आहे. आमच्या यंत्राचें पातें १० इंच व्यासाचें. त्याचा परीघ सुमारें ८० सेंटिमीटर आणि फेरे सेकंदास सुमारें ८०. म्हणजे त्याच्या दांत्यांचा वेग ताशीं २३० किलोमीटरांच्या घरांत जातो. पात्याच्या बाजूस, लाकूड टेकवून पुढें सरकवितां यावें म्हणून, एक लांब पट्टी असते. तिलाच इंग्रजींत फेन्स, म्हणजे कुंपण, म्हणतात. पट्टी पात्यापासून चार इंचांवर आवळली कीं फळी चार इंचांचीच निघावी, असा तिचा धर्म.

श्रावणांतल्या एका दुपारीं आम्ही फणसाची फळी चिरीत होतों. निम्मी चिरून झाली न झाली तोंच पात्याचा आवाज बदलला, फळी थरथरली, आणि काय होत आहे हें कळण्यापूर्वींच ती हातांतून निसटून आमच्या बरगडीस घासून मागल्या भिंतीवर आदळली. भिंतीचा गिलावा हातभर उडाला. डॉक्टरांनीं हाड शाबूत असल्याचें सांगितलें. परंतु आमच्या कुटुंबानें त्याच रात्रीं, “तें यंत्र उद्यां भंगारवाल्यास द्या, नाहींतर मी माहेरीं जातें,” असें निर्वाणीचें बजाविलें. सासष्टाव्या वर्षीं माहेरीं जाण्याची धमकी ऐकून धाकट्या भावजया पदराआड हंसल्या. हंसूं आलें नाहीं तें आम्हांस. यंत्रावर गोणपाट पडलें, आणि त्या वर्षीं गणपति जुन्याच चौरंगावर बसले.

गणपतीस पुण्याहून पुतण्या सहकुटुंब आला होता. तो धाकट्या बंधूंचा मुलगा. एका कचेरींत हिशेब तपासतो. गौरी-गणपतींचें विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों तो पडवींत गोणपाट काढून उकिडवा बसलेला. आमची चाहूल लागतांच त्यानें प्रथम विचारलें, “अण्णा, प्लग काढला आहे ना?” मग खडूनें पात्याच्या एका दांत्यावर खूण केली. तो दांता पुढें आणून टेबलावरच्या खांचेपासून त्याचें अंतर मोजलें. पातें हातानें फिरवून तोच दांता मागें नेला, आणि पुन्हां मोजलें. दोन्ही मापें सारखीं आलीं. नंतर पट्टी आवळून, तींच दोन मापें पात्यापासून पट्टीपर्यंत घेतलीं. पुढें ६० मिलिमीटर, मागें साडेअठ्ठावन्न.

“पातें सरळ आहे, अण्णा. कुंपण वांकडें आहे. पुढला चाप आवळला कीं मागचें टोंक पात्याकडे ओढलें जातें.”

ह्या दीड मिलिमीटरांत सारा अनर्थ होता. पात्याचे पुढले दांते खालीं जातात, ते लाकडास टेबलावर दाबून धरितात. मागले दांते वर येतात. कुंपण मागें जवळ आलेलें असलें म्हणजे पुढें सरकणारें लाकूड पातें व कुंपण ह्यांच्या चिमट्यांत सांपडतें, त्या वर येणाऱ्या दांत्यांवर चेपलें जातें, उचललें जातें, आणि कापणाऱ्याच्याच अंगावर फेकलें जातें. चिमटा बसूं नये म्हणून पात्याच्या मागें, त्याच्याच रेषेंत, रायव्हिंग नाईफ नांवाची एक पातळ पट्टी बसविलेली असते. ती अडचण करते अशा समजुतीनें आम्हींच काढून कोनाड्यांत ठेविली होती! पुतण्यानें ती मुकाट्यानें शोधून आणून पहिल्याप्रथम बसविली.

दोन समांतर रेषा एकमेकींस कधींहि मिळत नाहींत, हें आम्हीं फळ्यावर शेंकडों वेळां लिहिलें असेल. पण त्या समांतर आहेत कीं नाहींत हें दोन ठिकाणीं मोजून पाहण्याचें काम आम्हांवर कधीं पडलेंच नव्हतें. गृहीत धरणें आणि मोजणें ह्यांतील अंतर आम्हांस बरगडीच्या भावानें कळलें.

नवें कुंपण त्यानें चार दिवसांत घरींच केलें. त्याची घडण ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आकार इंग्रजी टी अक्षरासारखा. ही रचना अमेरिकेंत बीसेमायर नामक कारागिरानें १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुढें आणली. टेबलाच्या पुढल्या कडेस ॲल्युमिनियमचा एक कोन स्क्रूंनीं बसविला. त्यावर फूटभर रुंदीचें डोकें सरकतें, आणि डोक्यास काटकोनांत अठ्ठावीस इंचांचा हात. डोकें रुंद असावें. आंखूड असलें तर हात डुलतो. साहित्य बारा मिलिमीटरांचें प्लायवुड. “फणस एवढा पडला आहे, मग विकतचें कशाला?” असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “अण्णा, अखंड फळी आपल्या हवेंत पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते. प्लायचे थर एकमेकांस आडवे चिकटविलेले असतात, म्हणून एक थर दुसऱ्यास हलूं देत नाहीं.” एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आम्हांस हें तत्काळ पटलें.

हात त्यानें भरीव केला नाहीं; चार पट्ट्यांची पोकळ पेटी करून आंत दर सहा इंचांवर एकेक ठोकळा बसविला. वेळू पोकळ असूनहि वांकत नाहीं, तसा तो हात ताठ राहिला, आणि सगळ्या कुंपणाचें वजन दोन किलोंच्या आसपास भरलें. हलकेपणा हा नुसत्या सोयीचा भाग नव्हे. डोकें पुढून ढकलावें आणि जड हात मागें टेबलावर घासत राहावा, असें झालें कीं कुंपण तिरपें होतें. हात हलका असला म्हणजे डोकें जाईल तिकडे तो निमूटपणें जातो. आवळण्यासाठीं लाकडाची एक वाटोळी चकती केली, तिचें भोंक मध्यावर न पाडतां एका बाजूस पाडलें, आणि तीस दांडा लाविला. दांडा फिरविला कीं चकतीची लांबची कड पुढें येते व डोकें कोनावर घट्ट दाबलें जातें.

शेवटीं हात डोक्यास जोडतांना स्क्रूंचीं भोंकें त्यानें मुद्दाम थोडीं मोठीं ठेविलीं. “पहिल्याच खेपेस बरोबर बसेल अशी घमेंड कामाची नाहीं. सैल ठेवावें, मोजावें, हलवावें, आणि मग आवळावें.” पुढें माप बरोबर जुळल्यावर मागल्या टोंकाशीं त्यानें एका पोस्टकार्डाच्या जाडीइतकी जागा अधिक सोडली. आम्ही म्हणालों, “मग तें समांतर कोठें राहिलें?” तो म्हणाला, “समांतरच हवें. पण हातून चूक व्हावयाचीच असेल तर ती मोकळें सोडण्याच्या बाजूला व्हावी. लाकूड पुढें जाईल तसतसें त्याला आवळीत गेलें तर तें उलटतें.”

हें तो यंत्राविषयींच बोलत होता. आम्हांस मात्र १९९९ सालचा जून महिना आठवला. पुतण्या दहावी उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाला होता, आणि आय. टी. आय. मध्यें सुतारकामास जातों म्हणत होता. त्याच्या वडिलांनीं निर्णय आम्हांवर सोंपविला. घरांत शिक्षक आम्ही. आम्हीं सांगितलें, “ह्या घरांत लेखणी आणि पळी-पंचपात्री चालली, रंधा चालणार नाहीं.” तो एक शब्दहि बोलला नाहीं. वाणिज्य शाखेस गेला, पदवीधर झाला, नोकरीस लागला. आम्ही त्याच्या भल्यासाठीं कुंपण घातलें असें आजवर समजत होतों. पंधराव्या वर्षीं मुलास कांहीं कुंपण हवें हें आम्हांस आजहि मान्य आहे. परंतु तें सरळ आहे कीं नाहीं हें आम्हीं दोन ठिकाणीं मोजून पाहिलें नव्हतें. तो जसजसा पुढें गेला तसतसें तें त्यास आवळीत गेलें. तो उलटला नाहीं, हा त्याचा सोशिकपणा. आमच्या कुंपणाचा गुण नव्हे. आणि ज्या हातांना आम्हीं रंधा धरूं दिला नाहीं, त्याच हातांनीं आमची बरगडी पुन्हां धोक्यांत येऊं नये म्हणून चार दिवस राबावें!

त्या संध्याकाळीं आम्हीं हें त्याच्यापाशीं बोलून दाखविलें. वडील माणसानें धाकट्यापाशीं चूक कबूल करणें आमच्या पिढीस सोपें नाहीं. शब्द जुळवितांना आम्ही दोनदां अडखळलों. तो लाकडाचा भुसा झाडीत होता. “तें जाऊं द्या, अण्णा,” एवढेंच म्हणाला. थोड्या वेळानें खालीं पाहत म्हणाला, “पण तेव्हां फार वाईट वाटलें होतें.” ह्याहून अधिक कांहीं तो बोलला नाहीं, आणि आम्हीं विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्यानें आम्हांस पात्याच्या रेषेंतून बाजूला उभें केलें, फळी ढकलण्यासाठीं लाकडी दांडका हातीं दिला, आणि तीच फणसाची फळी आम्हीं चिरली. आवाज शेवटपर्यंत एकसारखा राहिला. कुटुंब दारांत उभें राहून पाहत होतें. काप पुरा झाल्यावर तें कांहीं न बोलतां आंत गेलें. ह्याचा अर्थ परवानगी असा आम्हीं घेतला.

पुतण्याची मुलगी यंदा दहावीस आहे. जातांना नमस्कारास वांकली तेव्हां म्हणाली, “आजोबा, मला लांकूडकामाचें शिकावयाचें आहे. बाबा म्हणतात, आजोबांना विचार.” आमच्या तोंडीं जुनें उत्तर आयतें तयार होतें. तें आम्हीं गिळलें, आणि तिला म्हणालों, “दिवाळींत ये. आधीं फळी चिरून पाहूं, मग बोलूं.” चौरंगाचे चारी पाय तोंवर कापून ठेवण्याचा विचार आहे, वरची फळी मात्र तिच्यासाठीं राखून ठेविली आहे.