कुणाकडून आलं

कुंभवली नाक्यावरून औद्योगिक वसाहतीत शिरलं की कारखाने दिसण्याआधी त्यांचा वास येतो. आम्ही दोघे मावसभाऊ या रस्त्याने बरीच वर्षं आधी सायकलवर आणि मग मोटारसायकलवर ये-जा करत होतो. थोरला एका कारखान्याच्या संगणक विभागात आणि धाकटा त्याच्याच हाताखाली. कारखान्याचं नाव सांगत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यात दोष आमचा आहे.

2004 सालची गोष्ट. माल, पगार, बिलं असा सगळा हिशेब एका सर्व्हरवर चालायचा. त्यावर लिनक्स होतं. महिनाअखेर आली की मशीन बसलेल्या बैलासारखं व्हायचं. साहेब विचारायचे, प्रोसेसर कमी पडतो की डिस्क? आम्ही अंदाजाने उत्तर द्यायचो. लॅमिंग्टन रोडवरच्या एका ओळखीच्याने सांगितलं, अंदाज कशाला करता, सिसस्टॅट बसवा.

सिसस्टॅट हा एक प्रोग्राम नव्हे, छोट्या हत्यारांचा संच आहे. आयओस्टॅट डिस्कवरचा भार सांगतं, एमपीस्टॅट प्रोसेसरचा, आणि सगळ्यात कामाचं ते सार. सार दर दहा मिनिटांनी मशीनची नाडी बघून नोंद ठेवतं, म्हणजे रात्री दोन वाजता काय झालं ते सकाळी चहा पिताना वाचता येतं. (नाव ऐकून अम्मी म्हणाली होती, कोकमाचं का?) सार हे नाव युनिक्समध्ये जुनंच. लिनक्ससाठी हा संच सेबास्तियां गोदार नावाच्या फ्रेंच माणसाने लिहिला आणि फुकट वाटला. बोईसरच्या सायबर कॅफेतून उतरवून घेतला तर एका फ्लॉपीत मावला.

गाठोडं सोडलं, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, एवढ्यात काम झालं. त्याच वेळी तारापूरला अणुवीज केंद्र असूनही आमच्या वस्तीत लोडशेडिंग झालं, आणि दुसऱ्यांदा सगळं करावं लागलं, ते सोडा. गाठोड्यात प्रोग्रामांशिवाय काही साधे मजकूरही होते. एकात परवाना होता. दुसऱ्याचं नाव क्रेडिट्स. उघडून पाहिलं तर नुसती नावं. कुणी चूक कळवली, कुणी दुरुस्ती पाठवली, कुणी आपल्या भाषेत भाषांतर केलं. आम्ही वरपासून खालपर्यंत माऊस फिरवला आणि फाइल बंद केली.

मग आम्ही हुशारी केली. सारचे आकडे उचलून एका पानाचा रोजचा अहवाल काढणारी पन्नास-साठ ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती खरोखर आमची होती. पण साहेबांना हुकमांची नावं परकी वाटू नयेत म्हणून सारला आणि इतर हत्यारांना आम्ही घरची नावं दिली, परवाना आणि क्रेडिट्स 'कचरा' म्हणून पुसले, आणि अहवालाच्या माथ्यावर आमची दोघांची नावं टाकली. संचाला गावाचं नाव दिलं. साहेबांनी पाठ थोपटली. आम्ही तो संच सीडीवर भरून वसाहतीतल्या आणखी तीन कारखान्यांत ओळखीच्यांना दिला. पैसे घेतले नाहीत, म्हणजे सवाबच, असं वाटत होतं.

2006 साली आम्हा दोघांना वापीला जास्त पगाराची नोकरी मिळाली. पुढच्या वर्षीच्या रमजानात, सप्टेंबर संपता संपता, तरावीहहून आलो तर फोन वाजत होता. आमच्या जागी आलेला मुलगा होता. पगाराच्या रात्री सर्व्हर कोसळला होता. तो म्हणाला, "भाई, नव्या मशीनवर तुमचा संच टाकला, तेव्हापासून तुमचा अहवाल प्रोसेसरचा वापर शून्य दाखवतोय. साहेब म्हणाले, मशीन तर रिकामंच आहे, आणखी सामान कशाला? मेमरीची मागणी त्यांनी फेटाळली. मी मॅन्युअल शोधलं, पण तुमच्या नावाने काहीच निघत नाही. हे मूळ कुणाचं आहे?"

धाकटा पटकन म्हणाला, "आमचंच."

सहरीपर्यंत फोनवर झगडलो. आम्हालाच आठवेना आत काय आहे. पहाटेची गाडी धरून बोईसर गाठलं, गोदारचं मूळ गाठोडं पुन्हा उतरवलं, त्यातलं मॅन्युअल वाचलं, आणि अर्ध्या तासात दुखणं सापडलं. जुन्या मशीनवर सार वेळ बारा तासांच्या पद्धतीने छापायचं, म्हणजे वेळेपुढे एएम किंवा पीएम असा वेगळा रकाना. नव्या मशीनची भाषेची मांडणी वेगळी होती, तिथे चोवीस तासांची वेळ. एक रकाना गळला. आमची स्क्रिप्ट डोळे झाकून चौथा रकाना उचलायची. जिथे आधी वापराचा आकडा होता तिथे आता शेजारचा, बहुतेक वेळ शून्य असणारा आकडा आला होता. वेळ एकाच पद्धतीने छापण्याची सोय सारमध्ये आहे आणि ती मॅन्युअलमध्ये लिहिलेलीही होती. त्या मुलाला फक्त 'सार' हे नाव माहीत असायला हवं होतं.

परतीच्या गाडीत थोरल्याला मदरशातले मौलवीसाहेब आठवले. हदीसचं शिक्षण म्हणजे आम्हाला नावांची शिक्षा वाटायची. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने फलाण्याकडून, आणि मग कुठे दोन ओळींची गोष्ट. आम्ही नावं गाळून थेट मजकूर म्हटला की मौलवीसाहेब विचारत, "कुणाकडून आलं?" आम्हाला वाटे, ही बुजुर्गांची इज्जत राखायची रीत. मोठं झाल्यावर कळलं की सनद इज्जतीपुरती नसते. या रावीची स्मरणशक्ती कशी होती, तो त्या माणसाला खरंच भेटला होता का, हे तपासता यावं म्हणून ती नावं. अस्मा-उर-रिजाल हे अख्खं शास्त्र त्यावर उभं आहे. नाव म्हणजे चूक निघाल्यावर ठोठावायचं दार. आम्ही ते दार भिंतीत चिणून वर आमची पाटी लावली होती, आणि ठोठावल्यावर आतून उत्तर देता आलं नाही.

परवानाही मग वाचला, नीट, शब्दकोश घेऊन. जनरल पब्लिक लायसन्स, दुसरी आवृत्ती, 1991 ची. स्वतःच्या घरात प्रोग्राम चालवायला त्यात आडकाठी नाही. पण दुसऱ्याला द्यायचा तर मूळ हक्काची सूचना राखायची, परवान्याची प्रत सोबत द्यायची, मूळ लिखाण द्यायचं किंवा मिळण्याची सोय करायची. फाइलमध्ये बदल केला असेल तर बदल केल्याचं आणि तारखेचं ठळक लिहायचं. म्हणजे कारखान्यात आम्ही फक्त मूर्खपणा केला, तीन सीड्या वाटल्या तिथे मात्र शर्त मोडली. कुणी कोर्टात खेचणार नव्हतं, हे खरं. तरी सवाबाचा हिशेब उलटा झाल्यासारखं वाटलं.

ईदनंतरच्या सुट्टीत नवा संच केला. हुकमांना मूळ नावं परत दिली, क्रेडिट्स आणि परवाना जिथे होते तिथे ठेवले. आमची स्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत, वर नाव, काय केलं ते आणि तारीख. नावं टाकताना संकोच झाला, पण थोरला म्हणाला, टाक, पुन्हा फोन यायला हवा. त्या मुलाचं नावही टाकलं, चूक त्याने कळवली होती. तो इतका खूश झाला की आईला दाखवायला पान छापून नेलं.

आज हा संच एका हुकमात बसतो आणि जागा वाचवण्यासाठी सोबतची कागदपत्रं कित्येकदा गाळली जातात. नव्या मुलांना आम्ही ती फाइल मुद्दाम उघडून दाखवतो. ती कंटाळतात, आमच्यासारखीच.

सीड्या बदलायला आम्ही तिन्ही कारखान्यांत गेलो. पहिल्यात जुनी सीडी कपाटात तशीच होती. दुसऱ्यात ती वापरात होती, समोर बसून बदलून दिली. तिसऱ्याच्या फाटकाला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, मशिनरी आणि संगणक सगळं भंगारात गेलं, कुठे ते ठाऊक नाही. ती एक सीडी आमच्या नावाने अजून कुठेतरी आहे.