यान केवढं? शनिवारच्या डावाची टिपणं

शनिवारी रात्री जेवणं उरकली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी डाव मांडतो. सूत्रधार मी. खेळायला चौघं: आतेभाऊ, वहिनी, तेरा वर्षांची भाची आणि वरच्या मजल्यावरचे गुजराती काका. प्रत्येकाचं एक पात्र, सगळ्यांचं मिळून एक यान. मी प्रसंग सांगतो, ते आपण काय करणार ते सांगतात आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे निकाल देतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापला, तेव्हापासूनचा हा खेळप्रकार. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये त्याला अंतराळ मिळालं. माझ्या वहीची अलीकडची पानं एकाच प्रश्नानं भरली आहेत: लहान यान मोठ्या यानाशी भिडलं, तर आकार हिशेबात धरायचा कसा?

*

घरचे नियम आपल्याला नवे नाहीत. 'व्यापार' खेळताना दंडाचे पैसे बँकेत जायचे की पटाच्या मधोमध साठायचे, हे घराघरात वेगळं. पण आकाराबद्दलचा मला ठाऊक असलेला पहिला घरचा नियम म्हणजे कच्चा लिंबू. चार वर्षांचं पोर मोठ्यांच्या लपाछपीत शिरतं, सापडतं, तरी त्याच्यावर राज्य येत नाही. त्यानं पळावं, ओरडावं, हिशेबात मात्र धरायचं नाही. पोरासाठी नियम प्रेमळ आहे. यानांच्या लढाईत मात्र मला नेमकं हेच नको आहे. लहान यान चालवणारा माणूस टेबलावर कच्चा लिंबू होता कामा नये.

*

आमचा पहिला नियम सरळ होता. आकार एक पायरी वाढला की जीव, म्हणजे मार सोसायचा आकडा, दुप्पट. सगळ्यात लहान यानाला १०, मग २०, ४०, ८०. एका माऱ्यात एक फासा, सरासरी साडेतीन. मोठं यान पाडायला तेवीस मारे बसायला हवेत. निम्मे हुकणार, म्हणजे सेहेचाळीस वेळा फासा टाकायचा. चौघांत वाटले तर बारा फेऱ्या. आमची फेरी दहा मिनिटांची, म्हणजे दोन तास.

ते दोन तास आम्ही खरोखर घालवले. अकराव्या फेरीत काका फासा टाकून आकडा न बघताच पाण्याचा तांब्या आणायला उठले. त्या रात्री मी वहीत तो नियम खोडला. मोठं म्हणजे नुसतं मरायला उशीर लागणारं, एवढाच अर्थ त्यातून निघत होता.

*

छापील खेळांनी यावर खूप डोकं चालवलं आहे. वेस्ट एन्ड गेम्सच्या 'स्टार वॉर्स'च्या १९९६ च्या आवृत्तीत प्रत्येक आकाराला एक अंक आहे: छोट्या लढाऊ यानाला ६, मोठ्या युद्धयानाला १२, डेथ स्टारला २४. दोन अंकांत जेवढा फरक, तेवढे जादा फासे. लहानाला ते नेम धरताना आणि मारा चुकवताना मिळतात, मोठ्याला मार देताना आणि सोसताना. विचार फार चोख आहे. दोघांनाही काहीतरी मिळतं आणि दोघांना वेगळं मिळतं. पण सहाच्या फरकाला सहा फासे, त्यांची सरासरी एकवीस, आणि ही बेरीज दर माऱ्याला. आमच्या टेबलाला ती जड जाते.

*

'स्टारफाइंडर' (२०१७) मध्ये लांबीनुसार सात वर्ग आहेत. वीस ते साठ फूट म्हणजे चिमुकलं, साठ ते एकशेवीस म्हणजे लहान, आणि पंधरा हजार फुटांच्या पुढे अवाढव्य. हे आकडे वाचून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही येईना. म्हणून एका रविवारी भाचीला घेऊन कमाटीबागेतल्या संग्रहालयात गेलो, निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी. हा मासा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी आला होता. लांबी सुमारे बहात्तर फूट. भाची जबड्यापासून शेपटापर्यंत पावलं मोजत गेली. बरगड्यांच्या खाली थांबून तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "मामा, एवढं यान म्हणजे पुस्तकात कितवं?" मी म्हटलं, "दुसरं. लहान."

ती बराच वेळ बोलली नाही. मग सात वर्गांतलं शेवटचं केवढं, ते आम्ही रस्त्यावर लावून पाहिलं. साडेचार किलोमीटर म्हणजे स्टेशनापासून निघून मांडवी ओलांडून जवळजवळ पाणीगेटच्या बाहेरपर्यंत. एक यान, आणि त्यात आमचं अख्खं जुनं शहर. तेव्हापासून टेबलावर कुणी फूट विचारत नाही. "देवमाशाएवढं का?" असं विचारतात.

*

आकार वाढतो तेव्हा सगळं सारखं वाढत नाही. ही गोष्ट वहिनींना मी मोदकावरून सांगितली, पण त्या मला आधीच सांगू शकल्या असत्या. मोदक दुप्पट उंच करायचा, तर पारी चौपट लागते आणि सारण आठपट. यानाचंही तसंच. तोफा बाहेरच्या कवचावर बसतात, त्या चौपट होतील. पोटातलं सामान, इंधन, माणसं आठपट. म्हणजे यान जितकं मोठं, तितक्या त्याच्या पोटाच्या मानानं तोफा कमी. शिवाय उष्णता बाहेर टाकायची तीही कवचातूनच, म्हणून मोठ्याला ताप जास्त.

*

खरी वाट मात्र कोकणच्या समुद्रात सापडली. बडोद्यात बसून हे लिहिताना परकं वाटत नाही. गायकवाडांचं आरमार बिलिमोऱ्याला होतं, आपल्यापासून दक्षिणेला रेल्वेनं काही तासांवर.

रॉबर्ट ऑर्मनं १७६३ साली छापलेल्या इतिहासात आंग्ऱ्यांच्या जहाजांचं वर्णन केलं आहे आणि ते वाचताना मला वाटलं की हा माणूस आमच्या डावाचे नियमच लिहून गेला. गुराब दोन डोलकाठ्यांची, सुमारे दीडशे टनांची. तीन डोलकाठ्यांची असेल तर तीनशेच्या आसपास. पुढे निमुळती, आणि नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या नऊ ते बारा पौंडी दोन तोफा. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टन, पण चाळीस-पन्नास वल्ही आणि त्यावर हलक्या तोफा. इंग्रजांच्या व्यापारी जहाजापुढे यातलं कुठलंच एकेकटं टिकायचं नाही.

म्हणून ती एकेकटी जातच नसत. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर बांधून ओढत नेत. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना, पिछाडी उघडी. गुराबा पिछाडीला येऊन नाळेवरच्या तोफांनी डोलकाठ्या आणि शिडं उडवत. जहाज जागेवर खिळलं की गलबतं चहूबाजूंनी भिडत आणि माणसं तलवारी घेऊन वर चढत. संभाजी आंग्ऱ्यांनी १७३५ च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' हे मोठं जहाज धरलं. त्याआधी, १६७९ मध्ये, खांदेरीवर किल्ला बांधणाऱ्या मायनाक भंडारींच्या माणसांना रसद पोचवणाऱ्या होड्या रात्री इंग्रजांच्या जहाजांमधून निसटत होत्या. उथळ पाण्यात त्यांचा पाठलाग मोठ्या जहाजांना जमत नव्हता.

यात कुठेही लहान जहाजाला 'जीव' जास्त नाही. त्याला जागा आहे, वेळ आहे, सोबती आहेत. मोठ्याकडे बळ आहे आणि पाठही आहे.

*

आता वहीत आहे तो नियम असा.

लहानापासून मोठ्यापर्यंत चार आकार: मचवा, गलबत, गुराब, पाल. नावं समुद्रावरचीच ठेवली आहेत, कारण ती उच्चारली की कोण कुणाला भारी आणि कुठे भारी, हे सांगावं लागत नाही.

दोन फासे टाकायचे, आठ किंवा जास्त पडले की मारा लागला. ही पद्धत 'ट्रॅव्हलर'ची. लहानानं मोठ्यावर मारा केला तर दर पायरीला दोन जास्त धरायचे, मोठ्यानं लहानावर केला तर दोन कमी. बरोबरीच्यांत छत्तीसपैकी पंधरा वेळा मारा लागतो. गलबतानं गुराबेवर केला तर सव्वीस वेळा. गुराबेनं गलबतावर केला तर फक्त सहा वेळा. पालेच्या तोफेनं मचवा जवळजवळ टिपता येतच नाही, पण दोन्ही फाशांवर सहा पडले की लागलाच आणि मग मचवा उरत नाही. ही एक-छत्तीसांश भीती ठेवली, म्हणून मचव्यात बसणाऱ्याच्या हातातला फासा अजून थरथरतो.

जिवाचे आकडे पूर्ण काढून टाकले. त्यांच्या जागी भाग आले. मचव्याला एक, गलबताला दोन, गुराबेला चार (इंजिन, सुकाणू, तोफा, टेहळणी), पालेला सहा. मारणाऱ्यानं आधी भाग सांगायचा. दोन खुणा झाल्या की तो भाग बंद. कुठलेही दोन भाग बंद पडले की शत्रूला अंगाला भिडून आत चढता येतं. पिछाडीला इंजिनाचा झोत असतो, तिथे तोफ बसत नाही, म्हणून मागून आलेल्याला उत्तर देता येत नाही.

गुराबेचे चार भाग आणि आमचे खेळणारेही चार. हे ठरवून केलं नव्हतं, पण त्यानं टेबल बदललं. आता प्रत्येकाकडे एक भाग असतो. सुकाणू बंद पडलं की काका स्वतःहून ओरडतात, "मारुं गयुं!", आणि ते दुरुस्त करायला त्यांचं पात्र धावतं. पाण्याला कुणी उठत नाही.

*

मागच्या शनिवारी इंजिन गेलं. आमची गुराब जागच्या जागी, मागून शत्रूची पाल वळून येतेय. आतेभाऊ म्हणाला, शरण जाऊ. भाचीकडे टेहळणी होती. तिनं विचारलं, "गुराबेच्या पोटात एक गलबत आहे ना? त्याला दोर बांधून ओढता येईल?" नियमात तसं काही नव्हतं. मी वही बाजूला ठेवली आणि तिला फासे दिले. नऊ पडले. तीन फेऱ्या ते गलबत गुराबेला एका लघुग्रहाच्या आडोशाला ओढत होतं. पालेनं दोनदा गलबतावर नेम धरला, दोन्ही वेळा हुकला.

तिनं ऑर्म वाचलेला नाही. आंग्ऱ्यांच्या खलाशांना जे वाऱ्यानं शिकवलं, ते तिला बंद पडलेल्या इंजिनानं. ओढण्याचा नियम वहीत तिच्या अक्षरात आहे.

*

एक छोटा नियम विजयदुर्गाचा. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या इंग्रज आरमारानं हल्ला केला, तेव्हा एका जहाजाला लागलेली आग शेजारी बांधलेल्या बाकीच्यांत पसरली आणि आंग्ऱ्यांचं आरमार जळून गेलं. आमच्याकडे एकमेकांना जोडून उभ्या असलेल्या यानांपैकी एकाला आग लागली की पुढच्या फेरीला सगळ्यांसाठी फासा टाकायचा. हा नियम कुणाला आवडत नाही. मी तो काढणार नाही.

*

पाचवा आकार नुकताच आला: जंजिरा. हे यान नाही, ठाणं आहे. कितीही तोफा मारा, खूण होत नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भर घालून जंजिऱ्यापर्यंत वाट काढायला घेतली होती, तरीही तो हाती आला नाही. आमच्या जंजिऱ्याचा एकच आकडा आहे, रसदीचा. तो दर फेरीला एकानं कमी होतो, बाहेरून मदत पोचली की वाढतो.

येत्या शनिवारी त्या ठाण्याची रसद तोडायचा डाव आहे, आणि या वेळी प्रत्येकाचं यान वेगळं. चारही आकार चौघांपुढे ठेवले होते. वहिनींनी पाल घेतली, आतेभावानं आणि काकांनी गुराबा. भाचीनं मचवा मागून घेतला.