रजिस्टरात गोणपाटाची नोंद नसते

मागच्या नोव्हेंबरात पवईतल्या आमच्या जुन्या मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा झाला. शाळेचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही. वीस वर्षांनी सगळे भेटले. कुणी रिक्षा चालवतो, कुणी बँकेत आहे, कुणी हिरानंदानीतल्या ज्या इमारतींत आई धुणीभांडी करायची तिथल्याच एका ऑफिसात कामाला जातो. वडापाव आला, सेल्फी झाले, मग भाषणं सुरू झाली. एक मित्र माईकवर म्हणाला, "काय दिवस होते! तेव्हा जातपात काही नव्हती. सगळे एका ताटात जेवायचो."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आज लिहायला बसलोय ते त्या टाळ्यांमुळे.

मेळावा संपल्यावर बसस्टॉपपर्यंत वर्गातली एक मैत्रीण सोबत होती. ती म्हणाली, "तुला आठवतं का, 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' म्हणायचे ते?"

आठवत होतं. वर्षातून एकदा फॉर्म यायचे आणि भर वर्गात आम्हाला उभं केलं जायचं. कुणी शिवी दिली नाही, मारलं नाही. फक्त उभं केलं. बसलेल्यांनी मान वळवून पाहिलं आणि कोण कुठला ते पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी डबे तेच होते, पण ताटाभोवतीची जागा थोडी बदलली होती.

मैत्रीण पुढे म्हणाली, "मी घरी फॉर्म दिलाच नाही. आईला सांगितलं, यंदा आलाच नाही म्हणून."

तो फॉर्म मागासवर्गीय मुलींसाठीच्या सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचा होता. जिने शेणमातीचे गोळे झेलून मुली शिकवल्या, तिच्या नावाचे पैसे एका मुलीने लाजेपोटी नाकारले. खाणीवर खडी फोडणाऱ्या बापाच्या घरात तेवढ्या पैशांत वह्या आल्या असत्या. हे मला वीस वर्षं माहीत नव्हतं, आणि मी तिच्या मागच्याच बाकावर होतो.

समाजशास्त्र शिकताना 'सामूहिक स्मृती' हा शब्द भेटला. समूह आपल्याला सोयीचं तेवढं लक्षात ठेवतो, बाकीचं गळून जातं. पण मित्रांनो, ते आपोआप गळत नाही. ज्याला उभं केलं गेलं तोच टाळ्या वाजवतो, तेव्हा ते गळतं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाने प्रवेश घेतला. रजिस्टरातली १९१४ क्रमांकाची ती नोंद आजही जपलेली आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. आपण त्या नोंदीचा फोटो अभिमानाने स्टेटसला ठेवतो, ठेवायलाच हवा. पण त्या नोंदीतून एवढंच कळतं की मुलगा दाखल झाला. तो कोपऱ्यात वेगळा बसायचा, बसायचं गोणपाट घरून आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. शिपाई नळ उघडायला नसेल तर पाणी नाही. यातलं काहीच रजिस्टरात नाही. ते आपल्याला कळलं, कारण बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं. आपल्या भाकरीतला वाटा देणाऱ्या आंबेडकर गुरुजींचीही आठवण त्यांनी तितक्याच आपुलकीने ठेवली. खरी साक्ष दोन्ही बाजू सांगते.

त्याआधी १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांची दुःखं मांडणारी ती मुलगी जेमतेम चौदा वर्षांची होती. तिने 'सगळं छान होतं' असं लिहिलं असतं तर आज आपल्या हाती काय उरलं असतं?

याच पवईत ६ जून २०२४ रोजी, शाळा उघडण्याच्या तोंडावर, जयभीम नगरातल्या झोपड्या पाडल्या गेल्या. कुटुंबांनी भर पावसात फुटपाथवर दिवस काढले. त्या दिवसांत शाळेत न पोचलेल्या मुलासमोर हजेरीपटावर 'गैरहजर' एवढाच शेरा पडतो. का गैरहजर, याला हजेरीपटात रकाना नसतो.

काही जण म्हणतील, जुन्या जखमा कशाला उकरता? शाळेने शिकवलं की नाही? शिकवलं. मला वाचनालयाची किल्ली देणाऱ्या बाईंमुळेच मी एमएपर्यंत पोचलो. म्हणूनच ती शाळा टिकावी असं वाटतं. पण शाळा टिकवायची ती आणखी कुणाला भर वर्गात उभं करायला नव्हे. आपण साक्ष दिली नाही, तर उद्याही फॉर्म तसेच वाटले जातील आणि वाटणाऱ्याला आपलं काही चुकलं असं वाटणारही नाही.

त्या रात्री मैत्रिणीने फॉर्मची गोष्ट माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर चार ओळींत लिहिली. दोन तास कुणी काही बोललं नाही. मग एकाने लिहिलं, "मीही उभा राहायचो." त्याखाली मी लिहिलं, "मीही." माईकवर बोललेल्या मित्राने उशिरा एवढंच विचारलं, "तेव्हा सांगितलं का नाही?"

येत्या ७ नोव्हेंबरला शुभेच्छांच्या जोडीने प्रत्येकाने आपल्या शाळेबद्दल एक पान लिहावं. भाकरी देणारे गुरुजी लिहा आणि गोणपाटही लिहा.

जय भीम.