सोपी भाषा

स्वीडिश सोपी, चिनी अवघड, असं सगळेच सांगतात. अमेरिकेच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी संस्था चिनीसाठी 88 आठवडे धरते. स्वीडिशसाठी त्याच्या निम्म्याहूनही कमी.

मी दोन्ही शिकले. चेंगदूत एक वर्ष, मग गोथेनबर्गमध्ये तीन.

चिनीत क्रियापदं बदलत नाहीत, नामांना लिंग नाही. पण सूर चुकला की संपलं. 'माइ' खाली नेऊन वर उचलला तर विकत घेणं, वरून खाली आपटला तर विकणं. मंडईत मी भाजीवालीला म्हणाले, "मला बटाटे विकायचेत." ती पोट धरून हसली आणि माझ्याकडून तीनदा नीट म्हणवून घेतलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, हे माझं नशीब.

स्वीडिशमध्ये क्रियापदं तशीच गरीब. नामाला 'एन' की 'एट' एवढं पाठ करायचं. सूर तिथेही आहेत: 'आन्देन' एका सुरात बदक, दुसऱ्या सुरात आत्मा. पण चुकलं तरी संदर्भाने कळतं. बेकरीत मी घरून जुळवून आणलेलं वाक्य म्हणायचे आणि पलीकडून अगदी प्रेमाने इंग्रजीत उत्तर यायचं. माझी स्वीडिश अजूनही चिनीच्या मागेच आहे.

गेल्या दिवाळीत पुण्याला आले. सोसायटीचे वॉचमन बिहारचे. गेटवर म्हणाले, "ताई, कधी आला?"

मी सवयीने म्हटलं, "कल ही आयी, भैया."

त्यांचा चेहरा किंचित उतरला. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. बेकरीच्या काचेत मी तो रोज पाहायचे.