लाकडाविना खोगीर

पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात घोडा दिसला की लोकांना लग्न आठवतं. संत्र्याच्या बागेकडेनं मी घोडीवरून निघालो की धुऱ्यावरचा कुणीतरी हमखास विचारतो, "वरात कुठं चालली, भाऊ?" मुलूख बैलांचा. घोड्याच्या सामानाबद्दल बोलायला इथं माणूस मिळत नाही, पण जनावराच्या पाठी-खांद्याबद्दल बोलायला गावभर मिळतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी इथं बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळून शेकतात. वर्षभर जू जिथं बसलं तिथं हात फिरतो, आणि कुठं गाठ आली, कुठं सोललं, कुठलं कातडं दबून निबर झालं ते बोटांना कळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार, म्हणजे दगडफेकीचा खेळ, होते. बाहेरचे लोक पांढुर्ण्याला ओळखतात ते त्या दगडांमुळे. मला विचाराल तर इथली खरी विद्या खांदशेकणीची.

खोगीर पारखायचं तर हाच हात लागतो.

नेहमीच्या खोगिराच्या पोटात एक सांगाडा असतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन लांब फळ्या, पुढे-मागे कमानीनं जोडलेल्या. पूर्वी त्या साध्या लाकडाच्या असत; आता लाकडाचे थर चिकटवून वर पोलादी पट्ट्या ठोकतात, किंवा सरळ प्लास्टिकचा साचा बसवतात. या सांगाड्याची कामं दोन. स्वाराचं वजन पाठीच्या लांबरुंद भागावर पसरवायचं, आणि मधला कणा मोकळा ठेवायचा. गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत हा सांगाडाच काढून टाकलेली खोगिरं निघाली. जर्मनीचं बेअरफूट, फ्रीफॉर्म, अमेरिकेतलं बॉब मार्शल ही त्यातली नावाजलेली. चामडं, फोम, लोकर आणि पट्टे, हाच त्यांचा मुख्य ऐवज. विकणारे सांगतात की घोड्याची पाठ यात मोकळी राहते. माझ्या तबेल्यात दोन्ही तऱ्हेची खोगिरं शेजारी शेजारी टांगलेली आहेत, त्यामुळे हा वाद मला रोज ऐकू येतो.

बिनसांगाड्याच्या खोगिराची बाजू आधी सांगतो, कारण ती खोटी नाही. घोडीची पाठ बारा महिने एकसारखी राहत नाही. पावसाळ्यानंतर हिरव्या चाऱ्यावर ती गोल होते, वैशाखात उतरते, मानेच्या बुडाचा उंचवटा वर येतो. लाकडाचा सांगाडा मात्र जसा घडवला तसाच राहतो. कार्तिकात चपखल बसलेलं खोगीर उन्हाळ्यात पुढे टेकायला लागतं. कानपूरचं खोगीर जगभर जातं, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे; पण घोडीच्या पाठीचं माप घ्यायला कानपूरहून सौंसरला कोण येणार? जिथं माप घेऊन सांगाडा बदलून देणारा कारागीर नाही, तिथं पाठीबरोबर वाकणारं खोगीर ही मोठीच सोय. वजनाला हलकं, आणि चुकीच्या मापाचं लाकूड खांद्यामागे रुतण्याची भीती नाही. शिवाय घोडीचा प्रत्येक स्नायू मांडीखाली कळतो. ती डावीकडे बिचकणार हे कान फिरण्याआधीच समजतं. हे सुख एकदा चाखलं की सोडवत नाही, हे मान्य.

पण लाकूड काढलं म्हणून वजन काही हवेत जात नाही. ते कुठं जातं हे मोजून झालेलं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ घोडे घेतले, सर्वांवर एकच स्वार बसवला आणि दुडक्या चालीत खोगिराखालचा दाब संवेदक गादीनं मोजला. 2012 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की बिनसांगाड्याच्या खोगिराखाली वजन कमी जागेत एकवटलं आणि जास्त दाबाची ठिकाणं वाढली. स्वाराची बैठक जिथं, तिथंच भार. माझ्या हाताला जे लागत होतं तेच तिथल्या आकड्यांनी सांगितलं.

त्यात रिकिबींची भानगड वेगळी. सांगाड्याच्या खोगिरात रिकिबीचा पट्टा लाकडात बसवलेल्या लोखंडी आकड्याला अडकतो, म्हणून पायावर दिलेला भार पूर्ण फळीवर वाटला जातो. सांगाडा नसेल तर तो पट्टा थेट पाठीवर ओढ घेतो. चढावर रिकिबीत उभं राहायची सवय असलेल्याला हे ध्यानात येत नाही, घोडीला येतं. जमिनीवरून टांग मारून चढायला गेलं की खोगीर पोटाकडे सरकतं, मग लोक तंग आवळतात, आणि आवळलेल्या तंगानं घोडीचा श्वास कोंडतो. त्यापेक्षा ओट्यावरून किंवा बांधावरून चढावं.

आपल्याकडे हे काही नवं नाही. दख्खनी घोडेस्वाराचं खोगीर बव्हंशी गादीचंच. नागपूरकर भोसल्यांचे बारगीर हे असेच घोडेस्वार; ते 1742 पासून बंगालपर्यंत धडकत होते, आणि देवगडचं राज्य भोसल्यांकडे आल्यावर हा आमचा पट्टाही त्यांच्याच अमलात होता. जगातली सर्वांत जुनी खोगिरंही अशीच. चीनमध्ये तुर्फानजवळच्या यांगहाई इथल्या थडग्यात सापडलेलं एक खोगीर किमान चोवीसशे वर्षांपूर्वीचं आहे: गाईच्या कातड्याच्या दोन गाद्या, आत पेंढा आणि जनावरांचे केस. (ते एका बाईच्या थडग्यात होतं, घोडदौड पुरुषांची म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) माझं लक्ष जातं ते दोन गाद्यांकडे. एकच सपाट गादी नाही, कण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन. लाकूड नव्हतं तेव्हाही कण्यावर बसायचं नाही एवढं लोकांना उमजलेलं होतं. आजचं बिनसांगाड्याचं खोगीर घेताना मी तेच पाहतो. खालच्या गादीत मधोमध नळी आहे का, आणि मी बसल्यावर ती नळी उरते की चेपून जाते? चेपून जात असेल तर त्या खोगिराची किंमत कितीही असो, ती गादी आहे, खोगीर नव्हे.

माझा हिशेब असा ठरला आहे. बागेतून, कन्हान नदीच्या बाजूच्या सपाट रस्त्यानं, तासाभराच्या फेरीला बिनसांगाड्याचं, खाली जाड नमदा घालून. सिल्लेवानीच्या बाजूच्या जंगलवाटांना, जिथं दिवसभर चढउतार आहे, तिथं लाकडाचंच. भारी अंगाच्या पाहुण्याला बसवायचं तरी लाकडाचंच. उंच कण्याच्या, हाडकुळ्या घोड्यावर बिनसांगाड्याचं कधीच नाही. गोल पाठीच्या तट्टावर ते छान बसतं. खोगीर उतरवल्यावर घामाचा ठसा पाहतो. सगळीकडे ओल आणि मध्येच एखादा कोरडा चट्टा असेल तर तिथं दाब पडतोय का, हे बोटानं चाचपतो. काळ्या-तांबड्या पाठीवर पांढरे केस उगवलेले दिसले तर समजायचं की तिथं केसांची मुळंच दुखावली आहेत. ते केस पुन्हा रंगावर येत नाहीत.

आता ज्या घोड्या आपण सगळे पाहतो त्यांच्याबद्दल. वरातीच्या घोडीवर जे मखमली, जरीचं खोगीर असतं त्याच्या आत काय आहे हे कुणी पाहत नाही. मी उचलून पाहिलेल्यांपैकी कित्येकांत सांगाडा नव्हताच, आणि नळीही नव्हती. चिंध्यांची एक गादी थेट कण्यावर. ओहायो स्टेट विद्यापीठात 2008 साली घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के भार ठेवून पाहिला गेला. 25 टक्क्यांपासून पुढे स्नायू दुखणं, आखडणं ठळक झालं. म्हणजे 20 टक्क्यांवर थांबावं: तीनशे किलोच्या घोडीला साठ किलो, खोगिरासकट. आपला नवरदेव ऐंशीचा, पुढ्यात एखादं पोर, आणि डीजेपुढे दोन तास उभं राहणं. घोडीवाला गरीब असतो, सीझन मोजक्या महिन्यांचा, त्याला दोष देऊन भागत नाही. सांगाड्याचं खोगीर त्याला परवडत नाही आणि कुणी मागतही नाही.

तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडे तारखा सुरू होतात. घोडी ठरवायला जाल तेव्हा भाव ठरवण्याआधी एवढं सांगा, "भाऊ, खोगीर काढून पाठ दाखवा." पाठीवर ओली जखम दिसली तर ती घोडी घेऊ नका. पाठ बरी असेल तर गादीखाली कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन घट्ट वळकट्या घालायला सांगा, पोराला खाली उतरवा, आणि वरात अर्ध्या तासात आटपा.